संपलं ना आता सगळं?

१८ मार्च

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन लावला की तो माझी लेक उचलते, आणि मला जे बोलायचंय ते तिच्यादेखत बोलण्यासारखं नाही. तुमच्या हातात फोन आला तरी काय उपयोग? तुमच्या त्या तीन खोल्यांत एकाने शिंकलं तर तिघे वळून बघतात, हे मी पहिल्यांदा आले होते तेव्हाच हेरून ठेवलंय. म्हणून हा कागद. शाळा सुटल्यापासून इतकं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे कानाडोळा करा.

आमच्याकडे सगळं खुलं झालं. दुकानाच्या दारावरची 'मास्कशिवाय आत येऊ नये' ही पाटी मी स्वतः स्टुलावर चढून काढली. दोन वर्षं मशिनींवर चादरी होत्या हो. शाळाच बंद, तर गणवेश शिवायचे कुणासाठी? आता दारात रांग असते. पोरं किती वाढलीत म्हणून सांगू! आया जुन्या मापाच्या चिठ्ठ्या घेऊन येतात, मी टेप लावला की त्यांचेच डोळे विस्फारतात. दिवसभर कालवा, हसणं, कुणाचं बटण तुटलंय, कुणाची चड्डी घसरतेय. आमचे 'हे' गेल्यापासून घर खायला उठतं. दुकान पुन्हा बोलायला लागलं तेव्हा कुठे मी माणसात आले.

आता मुद्द्यावर येते. आपली भिंगरी सहावं गाठेल. आपल्या दोघींत मिळून एकच नात. साऱ्या गावाच्या पोरांना मी गणवेश चढवते आणि माझी नात खिडकीत बसून दुसऱ्यांच्या शाळेच्या बसला टाटा करते. लेकीला विचारलं, शाळेचं काय? तर 'बघू'. नोकरीचं काय? दातांच्या डॉक्टरांकडे इतकी चांगली मदतनीस होती, ते परत बोलावतायत म्हणे. त्यावरही 'बघू'. किती दिवस बघणार?

तुमचं दुखणं मला ठाऊक आहे, मी काही दगड नाही. पण विहीणबाई, संपलं ना आता सगळं? एका माणसाच्या काळजीपोटी तिघांनी किती काळ कोंडून घ्यायचं? तुम्ही एक शब्द टाकलात तर घरात कुणाची हिंमत नाही तो खाली पाडायची. तेवढा टाका.

सोबत भिंगरीचा गणवेश पाठवते. माप अंदाजाचं आहे, कारण मागितलेलं माप लेकीने पाठवलं नाही.

राग मानू नका.

तुमची,
कात्रीवाली विहीण


२९ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

पत्र मिळालं, गणवेश मिळाला, आणि कात्रीही मिळाली. बरीच धार आहे.

राग नाही आला. आला असता, पण त्याआधी भिंगरीने पुडकं फोडलं आणि मग कुणाला रागवायला वेळच मिळाला नाही. बाह्या बोटांच्या पुढे येतात, फ्रॉक गुडघ्याखाली जातो. तरी काढायला तयार नाही. जेवली त्याच्यात, झोपली त्याच्यात. सोफ्यावर उशा ओळीने बसवून त्यांना दटावत होती, 'मागे बोलू नका.' शाळेत दटावतात हे तिला कुणी सांगितलं देव जाणे.

माझ्या अक्षराला हसू नका. अख्खी नोकरी टायपिंगच्या क्लासात मुलींना 'मनगट हलवू नका' म्हणण्यात गेली, आणि आता गोळ्यांनी माझाच हात असा थरथरतो. त्या गोळ्यांचं तुम्हाला कुणी नीट सांगितलंय की नाही, कोण जाणे. मूत्रपिंड बदललं, लोकांना वाटतं गाडीचं चाक बदललं. तसं नसतं. परकं दिसलं की हाकलायचं, ही शरीराची खोड. माझं नवं मूत्रपिंड त्याने हाकलू नये म्हणून आतल्या पहारेकऱ्यांना गोळ्या देऊन कायमचं झोपवून ठेवलंय. पण झोपलेला पहारेकरी कुणालाच हटकत नाही. लस तर मी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा टोचून घेतली. मग रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, 'दंडावर खूण आहे, आत काहीच तयार झालेलं नाही.' जरा हसून म्हणाले, म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून.

तेव्हा माझ्या बाबतीत अजून काही संपलेलं नाही. उलट मागच्या वर्षी बरं होतं असं वाटतं. तेव्हा समोरून येणारा प्रत्येक जण तोंड झाकून यायचा, त्यामुळे संध्याकाळी मी रस्त्याच्या कडेकडेने का होईना, बागेपर्यंत जाऊन यायचे. आता बाग भरलेली असते, लोक एकमेकांच्या गळ्यात पडतात. मी गच्चीच्या जिन्यात उभी राहून वारा खाते आणि खाली येते.

पण ते माझं. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पोरीची शाळा माझ्यापायी थांबलीय. मी दोघांशी बोलते.

तुमची,
टायपिंगवाली विहीण


७ एप्रिल

विहीणबाई,

मन मोठं आहे हो तुमचं! मी पाकीट पेटीत टाकलं आणि दुसऱ्या क्षणी पस्तावले होते, हात आत घालून काढता येतंय का तेही बघितलं. आणि तुम्ही किती सहज घेतलंत.

बाह्या कापू नका, आत दुमडून टाके घाला. वाढत्या अंगाची आहे. शाळेत गेली की महिन्यात ओळखू यायची नाही. तुम्हाला जपायला काय लागतं? भिंगरी शाळेतून आली की आंघोळ, मग तिच्या खोलीत ती, तुमच्या खोलीत तुम्ही. होतं सगळं जमवून.

एक मात्र कळेना. लेक माझ्याशी तुटक का वागते? परवा मी सांगत होते की दुकानात आता पाय ठेवायला जागा नसते, तोंड झाकलेलं कुणी दिसत नाही, माणसांची तोंडं बघून किती बरं वाटतं. तर म्हणाली, 'आई, मला काम आहे,' आणि ठेवून दिला. पूर्वी तासतासभर बोलायची. तुमच्याजवळ काही बोलली तर कळवा.

गिऱ्हाईक आलं. आवरते.

तुमची,
कात्रीवाली


२२ एप्रिल

विहीणबाई,

हे पत्र दुकानात वाचू नका. घरी गेल्यावर, बसून वाचा.

आधी इस्पितळाचं सांगते, कारण सुरुवात तिथून झाली. दर महिन्याला मला तपासणीसाठी रक्त द्यायला जावं लागतं. या वेळी गेले तर आमच्या विभागाच्या दारावरची मास्कची सूचना काढलेली, नुसते डिंकाचे चार ठिपके उरलेले. आत एकाआड एक खुर्चीवर फुल्या असायच्या, त्या पुसलेल्या. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. माझ्याशेजारी एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले होते आणि मनसोक्त खोकत होते. मी उठले. नर्स चांगली आहे बिचारी, खांद्यावर हात ठेवून म्हणाली, 'काकू, काढा की आता तो मास्क! संपलं ना सगळं!' तिला काय सांगणार? या विभागात येणारा प्रत्येक जण माझ्यासारखाच आहे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं.

मी जिन्यात जाऊन बसले. तर तिथे आधीच तिघे होते. एक शाळामास्तरांसारखे दिसणारे म्हातारे, एक कॉलेजातली मुलगी, एक बाई. सगळे तोंड झाकून, दूर दूर पायऱ्यांवर. मास्तरांनी मला बघून पाय आवरून जागा दिली. जिन्यात आतली हाक ऐकू येत नाही, त्यामुळे आमचे सगळ्यांचे नंबर गेले आणि खिडकीवरच्या माणसाची बोलणी खाल्ली. 'बसायला खुर्च्या दिल्यात त्या दिसत नाहीत का?' म्हणाला.

घरी आले ती ठरवूनच. मी माझ्या खोलीत जेवते, ती तिघं बाहेर टेबलाशी, मधलं दार उघडं असतं. तिथूनच म्हटलं, 'भिंगरीचं नाव शाळेत घाला. मी दार लावून घेत जाईन.' चिरंजीव भात कालवत राहिले. हल्ली त्यांना ऑफिसात जावं लागतं, तर आल्यावर ते माझ्या दारासमोरून चोरासारखे जातात. तुमची लेक म्हणाली, 'नाही.'

मी म्हटलं, 'अगं, एका दारावर किती दिवस घर चालवणार? आणि व्हायचं ते होईलच.'

तशी ती उठली. इतक्या वर्षांत तिचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. म्हणाली, 'तुम्हाला बोलायला काय जातं आई? बाबांच्या वेळी सगळे हेच म्हणाले. येऊ नकोस, व्हायचं ते होईल. आणि मी शहाण्यासारखं ऐकलं. फोनच्या काचेत बघितलं मी माझ्या बाबांना. नर्स फोन धरून कंटाळली आणि तिने तो खाली केला, तर शेवटचं मला छताचा पंखा दिसला. आता एक माणूस माझ्या घरात, माझ्या हाताशी आहे. ते मी जाऊ देणार नाही. शाळा गेली खड्ड्यात.'

भिंगरी रडायला लागली. मग ती तिला घेऊन आत गेली.

विहीणबाई, पहिल्या पत्रात तुम्ही बोल लावलात तो मी गुपचूप घेतला, कारण तुमच्या लेकीवर तुमचा राग नको होता. आता खरं सांगायला हवं. शाळा मी अडवलेली नाही. मी तर थंडीपासून दोघांच्या मागे लागलेय. अडवतेय ती. मला ती जपते ते सासू म्हणून नाही. तिच्या बाबांना जपायचं राहून गेलं, ते सगळं ती माझ्यावर खर्च करतेय. मला रोज सकाळी थर्मामीटर लावते तेव्हा तिचे ओठ हलत असतात. मला इतकं जपलेलं सोसत नाही हो आता.

तुमच्याशी तुटक का वागते हे तुम्ही विचारलं होतं. मला वाटतं, उत्तर यातच आहे. अजून काय लिहू?

तुमची,
विहीण


३० एप्रिल

विहीणबाई,

दुकानातच वाचलं. तुम्ही नको म्हणालात म्हणून तर राहवलं नाही. एका मुलीच्या खांद्याचं माप घेत होते, तिची आई म्हणाली, 'अहो, काय झालं?' मी म्हटलं, डोळ्यात सूत गेलं.

'येऊ नकोस' मी म्हणाले. खरं आहे ते. रस्ते बंद होते, भिंगरी तीन वर्षांची होती, मलाच आत सोडत नव्हते तर ती येऊन काय करणार होती? यांना नेलं तेव्हा चपला घरीच राहिल्या. मी त्या घेऊन इस्पितळाच्या फाटकाशी दिवसभर बसले होते, कुणी घेतल्या नाहीत. हे मी तिला सांगितलेलं नाही. तिने विचारलं नाही आणि मी बोलले नाही. मला वाटलं, पोर सावरलीय, कशाला उकरून काढा? आणि मी मूर्ख, तिला फोनवर सांगतेय की गर्दी बघून किती बरं वाटतं.

शाळा राहू द्या. एक वर्ष घरी राहिली तर काय बिघडत नाही. माझं ते पहिलं पत्र फाडून टाका. आणि तिच्याशी मी काय बोलू तेवढं सांगा, मला सुचत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात.

तुमची


१९ जून

विहीणबाई,

पाकिटावरचा पत्ता बघून चक्रावलात ना? बरोबर आहे. मी घर सोडलं.

सोडलं म्हणजे भांडून नव्हे. क्लासातली माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, तिची एक खोली आणि स्वयंपाकघर रिकामं पडलं होतं. तळमजला. आमच्या घरापासून दोन गल्ल्या. तुमच्या पत्राचं उत्तर दिलं नाही कारण दिलं असतं तर तुम्ही मला थांबवलं असतं. तुम्ही म्हणता एका वर्षाने काय बिघडतं. पण माझं एका वर्षात थोडंच बरं होणार आहे? हे असंच राहणार. मग दरवर्षी एक वर्ष?

सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. चिरंजीवांनी खूप समजावलं, मग माझं सामान उचलायला लागले. मला वाटतं थोडं हायसंही वाटलं असेल, त्याचा मला राग नाही. माझी औषधं तुमच्या लेकीनेच बांधली. प्रत्येक डबीवर सकाळ, दुपार, संध्याकाळ लिहिलं. मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून ठेवला. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

भिंगरी शाळेत जाते. पहिल्या दिवशी बाकीची मुलं रडत होती आणि ही त्यांना 'मागे बोलू नका' म्हणाली, असं ऐकलं.

माझी खोली चांगली आहे. खिडकी गल्लीकडे उघडते. समोर एका लॉन्ड्रीची मागची भिंत, तिथून दिवसभर गरम वाफेचा वास. वरच्या मजल्यावर कुणीतरी सारखं काहीतरी पाडतं. आधी त्रास व्हायचा, आता बराच वेळ काही पडलं नाही तर मी वर बघते. परवा भाजीवाल्याने खिडकीतून विचारलं, 'काय हवं?' तर माझा आवाजच फुटेना. दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. तेव्हापासून वर्तमानपत्र मोठ्याने वाचते. जाहिरातीसुद्धा.

शनिवारी चिरंजीव येतात, मास्क लावून उंबऱ्यापाशी उभे राहतात, फ्यूज गेलाय का, नळ गळतोय का विचारतात. काही बिघडलेलं नसलं की बिचाऱ्यांना काय बोलावं सुचत नाही. मग मी एखादा स्क्रू सैल करून ठेवते. भिंगरी पहिले दोन रविवार खिडकीशी आली. या रविवारी मैत्रिणीचा वाढदिवस होता. असायलाच हवा.

ती मात्र एकदाही आली नाही. डबा रोज पाठवते, माझं पथ्य सांभाळून, मीठ तोलून. आत चिठ्ठी नसते. मला वाटलं होतं मी तिला मोकळं करतेय. तिला वाटतं मीही तिला 'येऊ नकोस' म्हणाले.

तुमची,
टायपिंगवाली


२७ जून

विहीणबाई,

तुम्हाला काय म्हणू? माझ्या हातात तुम्ही असता तर दोन्ही दंड धरून गदागदा हलवलं असतं. विचारायचं तरी होतं!

ते असो. आता मी सांगते ते ऐका. मी येतेय. शाळा सुरू झाल्या, गणवेशाचा हंगाम आटोपत आला. जुलैअखेर मी येते आणि तुमच्याकडे आठ दिवस राहते. कशी ते विचारू नका, मी सगळं ठरवलंय. पाटी पुन्हा लावलीय. दारात कापायचं टेबल आडवं घातलंय, गिऱ्हाईक बाहेर, मी आत. माप त्यांनी एकमेकांचं घ्यायचं आणि मी लांबून ओरडायचं, 'टेप सैल धरा!' लोक हसतात. 'काकू, आता कशाला?' म्हणतात. काही जणी समोरच्या दुकानात गेल्या, जाऊ देत. मी कुणाच्या घरी जात नाही, कुणाला घरात घेत नाही. महिनाभर असं राहिले की मग तुमच्या दारात उभं राहायला माझं तोंड होईल.

आणि हो, मास्क लावून बसेन. तोंड बांधलेली मी! बघायला जावईबापू रजा काढून येतील.

नाही म्हणू नका. माणसाशिवाय दिवस काढायचे म्हणजे काय, ते मला या चार दिवसांतच कळायला लागलंय. मला माहीत तरी आहे की महिना संपणार आहे.

तुमची,
कात्रीवाली


६ जुलै

विहीणबाई,

दोनदा 'येऊ नका' लिहिलं आणि दोन्ही कागद टाकून दिले. या म्हणायला भीती वाटते. येऊ नका म्हणवत नाही.

एवढंच करा. बसमध्ये खिडकीची जागा घ्या. इथे पोचल्यावर थेट माझ्याकडे येऊ नका. कोपऱ्यावर एक लॉज आहे, स्वच्छ आहे, तिथे थोडे दिवस थांबा, तपासणी करा आणि मग या. लेकीच्या घरी उतरू नका, तिथे आता शाळेची पोर आहे. स्वतःच्या लेकीच्या गावात लॉजमध्ये उतरायला सांगतेय, मला लाज वाटते. पण दुसरं काय सांगू?

एक चांगली बातमी. ती आली! गेल्या आठवड्यात एका दुपारी खिडकीखाली उभी होती. म्हणाली, 'डब्याची झाकणं परत येत नाहीत.' मी झाकणं दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. आता रोज दुपारी भिंगरीला आणायला जायच्या आधी येते, बाहेरच्या ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसते. माझ्यावर अजून रागावलेली आहे, तेव्हा बोलते ती रस्त्याशी. पण बोलते. दातांच्या डॉक्टरांकडे अर्धा दिवस जाणार का, ते ठरत नाहीये. दुपारची ती वेळ झाली की मी केस विंचरून बसते.

तुम्ही येताय हे तिला सांगितलं. जाताना तिने विचारलं, 'कितव्या तारखेला?'

या.

तुमची,
विहीण


२ ऑगस्ट
लॉजवरून

विहीणबाई,

मी तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे आणि तुमच्याकडे येऊ शकत नाही.

सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. खिडकीची जागा घेतली, मास्क क्षणभर काढला नाही, वाटेत पाणीसुद्धा प्यायले नाही. मागच्या बाकावरचा माणूस अर्धी वाट शिंकत होता. मी वळून बघितलं तर म्हणाला, 'धूळ आहे हो.' असेल धूळ. काल सकाळी घसा खवखवला. तपासणी केली. दुसरी रेघ आली. पहिल्यांदा पुसट, म्हणून पुन्हा केली, तर चांगली ठसठशीत. इतकी जपले हो. पलंगावर बसून मी लहान पोरीसारखी रडले.

ताप आहे, अंग ठणकतं, पण श्वास नीट आहे, घाबरू नका. जावईबापूंना फोन करून म्हटलं, लेकीला सांगू नका. त्यांच्या पोटात काय राहतंय! दुपारी दार वाजलं. ही. तोंडावर दोन मास्क, हातात औषधांची पिशवी आणि थर्मामीटर.

मी आतूनच ओरडले, 'येऊ नकोस!' पुन्हा तेच आलं तोंडातून.

ती म्हणाली, 'मागच्या वेळी ऐकलं तुझं. आता दार उघड, नाहीतर मालकाकडून किल्ली आणते.'

उघडलं. तिने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, मला पलंगावर घातलं, स्वतः लांब खिडकीशी खुर्ची ओढून बसली. कपाळावर पट्ट्या ठेवायला तेवढी जवळ यायची. आणि मग विहीणबाई, तिने विचारलं. बाबा काय म्हणाले, कुणी उचललं, किती वेळ लागला, तू तेव्हा कुठे होतीस. सगळं. मी सगळं सांगितलं. त्यांना गाडीत चढवताना त्यांनी मला विचारलं होतं, 'दुकानाचं शटर नीट लावलंस ना?' बस, तेवढंच. ते ऐकून ती हसायला लागली, हसता हसता खुर्चीवरून उठली आणि तोंड भिंतीकडे करून रडली. मी उठायला गेले तर हातानेच 'झोप' म्हणाली.

उद्या परत येणार म्हणतेय. रोज येणार म्हणतेय. भिंगरीला घेऊन जावईबापू त्यांच्या इथल्याच आत्याकडे गेलेत.

पण तुमचं काय? ती इथे येते म्हणजे तुमच्या ओट्यावर बसायची नाही, तुमचा डबाही तिच्या हातचा नको. मी तुम्हाला सोबत द्यायला म्हणून निघाले आणि होती ती सोबत पळवली. तिला परत पाठवू का? तुम्ही सांगा, मी दार लावून घेईन. माझं दुखणं काय, चार दिवसांचं.

तुमची,
विहीण


३ ऑगस्ट

विहीणबाई,

तुमची चिठ्ठी चिरंजीवांनी दाराखालून सरकवली आणि बाहेरूनच ओरडून निरोप सांगितला. ही चिठ्ठी तेच लॉजच्या काउंटरवर ठेवतील.

पाणी भरपूर प्या. घसा शेका. उठून कामाला लागू नका, लॉजच्या पडद्यांचे टाके उसवलेले दिसले तरी हात लावू नका. श्वासाला जरा जरी जड वाटलं तर लाजू नका, लगेच सांगा.

माझं जेवण मी करते. हात थरथरतो, पण तेवढं जमतं. भाजीवाला खिडकीत पिशवी टांगून जातो. चिरंजीव फोन करतात, रोज, ठरल्या वेळी. तेव्हा माझी काळजी नको. तिला अजिबात परत पाठवू नका. तुम्ही पुरत्या उभ्या राहीपर्यंत तिथेच असू दे. तुमचं बोलणं संपलेलं नसेल अजून.

मला वाईट वाटत नाही असं लिहिणार होते. वाटतं. दुपारी ती वेळ झाली की मी खिडकीशी जाऊन बसतेच, सवय जात नाही. काल केसही विंचरले. भीतीही वाटते. तुमच्यासारखी इतकी जपणारी बाई एका बसच्या प्रवासात सापडते, तर मग मी कुठे आणि किती दिवस, हा विचार येतो आणि तो कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला सांगितला. पुरे.

तिने तुम्हाला एक गोष्ट सांगितली नसणार, म्हणून मी सांगते. परवा चिरंजीवांना तुमचा फोन आला, त्यानंतर ती आधी तुमच्याकडे आली नाही. माझ्याकडे आली. ओट्यावर बसली नाही, रस्त्याच्या पलीकडे लॉन्ड्रीच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आणि पहिल्यांदाच माझ्याकडे तोंड करून बोलली. म्हणाली, 'आई, तिकडे गेले तर तुमच्याकडे बरेच दिवस यायला जमायचं नाही. आणि तुम्हाला काही लागलं तर मी नसेन. जाऊ?'

मी म्हटलं, 'जा.'

ती हलेना. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. म्हणून मी खिडकीचे गज धरून, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, 'अगं जा! तुझी आई एकटी आहे!'

वरच्या मजल्यावरची बाई डोकावून बघायला लागली. आणि ती निघाली. आधी चालत, मग भराभर, आणि मग चक्क पळत. पिशवी पाठीवर आपटत होती. सून म्हणून घरात आल्यापासून मी तिला कधी पळताना बघितलं नव्हतं.

कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघत होते. मग बराच वेळ गल्लीत कुणीच आलं नाही.

लवकर बऱ्या व्हा.

तुमची,
विहीण